निर्णय झाला तेव्हा तुम्ही झोपला होता

पत्र

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीत एका खाजगी कंपनीत प्रोग्रामर आहे. २०१९ चा महापूर पाहिल्यापासून पावसाच्या आकड्यांचा नाद लागला आणि त्या नादातूनच पर्जन्यमापकांच्या नोंदी वाचणाऱ्या एका ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) पायथन लायब्ररीच्या कामात शिरलो. आता तिथे मला मर्ज करायचे, म्हणजे आलेले बदल मूळ कोडमध्ये मिसळायचे, अधिकारही आहेत. आम्ही सातजण आहोत: दोघं जर्मनीत, एकजण ब्राझीलमध्ये, तिघं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि मी. पगार कुणालाच नाही.

दर गुरुवारी कॉल असतो, अमेरिकेतल्या सकाळी नऊला. म्हणजे इथे रात्री साडेनऊ, आणि नोव्हेंबरात त्यांनी घड्याळं मागे घेतली की साडेदहा. कॉल संपतो, पण खरी चर्चा त्यानंतर चॅटवर रंगते. सकाळी मुलीची व्हॅन पावणेसातला येते, त्यामुळे मी अकराला आडवा होतो. उठून बघतो तर दीड-दोनशे मेसेज आणि दोन-तीन गोष्टी परस्पर ठरलेल्या.

गेल्या महिन्यात कहर झाला. रोजचा पाऊस मोजताना 'दिवस' कुठून कुठपर्यंत धरायचा हे माझ्या रात्री एक वाजता ठरलं: यूटीसीच्या (जागतिक प्रमाण वेळेच्या) मध्यरात्रीपासून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत. सकाळपर्यंत कोड मर्जही झाला होता. आपल्याकडे हवामान खातं पाऊस सकाळी साडेआठला मोजतं, हे मी चॅटवर लिहिलं. एकाने अंगठ्याचं चिन्ह टाकलं आणि माझा मेसेज पुढच्या गप्पांत वाहून गेला.

शिवाय माझी एक पुल रिक्वेस्ट (माझा बदल तपासून कोडमध्ये घ्या अशी विनंती) तीन आठवडे तशीच पडून आहे. आणि खरं सांगायचं तर जागा असतो तेव्हाही कॉलवर माझं तोंड उघडत नाही. इंग्रजी लिहिता येतं, पण समोरचे भराभर बोलायला लागले की माझं वाक्य तयार होईपर्यंत विषय बदललेला असतो. बायको विचारते, पगार नाही तर रात्रपाळी कशाला? तिला उत्तर देता येत नाही.

रात्री जागायची सवय लावून घेऊ, की सोडून देऊ? आणि रात्री चॅटचे नोटिफिकेशन बंद ठेवले तर लोक मला कामचुकार समजतील का?

— कृष्णाकाठचा एक जागरणकर्ता

उत्तर

जागूही नका, सोडूही नका. निदान इतक्यात सोडू नका.

जागरणाचं आधी बघू. समजा, उद्यापासून तुम्ही रात्री दीडपर्यंत चॅटवर बसलात. महिना-दोन महिने जमेल. पण जागे असताना कॉलवर तोंड उघडत नाही, हे तुम्हीच लिहिलंय. मग झोप घालवून मिळवणार काय, तर निर्णय होताना बघायचं सुख. ज्या रात्री मुलीला ताप असेल किंवा लाइट गेलेली असेल, त्या रात्री पुन्हा तेच. आणि उद्या जपानमधून कुणी नवा माणूस कामात आला, तर त्याने कधी झोपायचं?

सांगली आणि अमेरिकेचा पश्चिम किनारा यांच्यात उन्हाळ्यात साडेबारा तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेतेरा. तो तुमच्या हातात नाही, त्यांच्याही नाही. निर्णय कुठे व्हायचा, एवढं मात्र सगळ्यांच्या हातात आहे. आज तुमच्या टीममध्ये त्या घटकेला जो हजर असेल त्याचंच मत धरलं जातं. तोच निर्णय उचलून अशा जागी न्यायचा, जिथे प्रत्येकाला आपल्या वेळेला वाचता येईल आणि उत्तर द्यायला पुरेसे दिवस मिळतील. पुढे मी जे काही सांगणार आहे ते या एका हलवाहलवीबद्दलच आहे.

यात नवं काहीच नाही. लिनक्स कर्नल (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) १९९१ पासून वाढत आला तो प्रामुख्याने ईमेलवर. आजही बदल सुचवणारा आपला पॅच (कोडमधला बदल) साध्या मजकुराच्या मेलने पाठवतो, आणि त्याच मेलमध्ये ओळीखाली ओळ घालून शेरे येतात. अपाचे सॉफ्टवेअर फाउंडेशन या ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या संस्थेत तर म्हणच आहे: मेलिंग लिस्टवर (सगळ्या सभासदांना जाणाऱ्या सामाईक ईमेलवर) घडलं नसेल, तर ते घडलंच नाही. दोघांनी जेवता जेवता काही ठरवलं, तरी ते लिस्टवर मांडून बाकीच्यांना बोलायला अवसर द्यायचा. मतदान किमान ७२ तास खुलं ठेवायचा तिथे प्रघात आहे, कारण लोक जगभर विखुरलेले असतात आणि बरेचसे फावल्या वेळात काम करतात. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत मोठा बदल करायचा तर लेखी प्रस्ताव येतो, आणि तो मान्य होण्याआधी शेवटच्या आक्षेपांसाठी दहा दिवस ठेवलेले असतात. इंटरनेटची मानकं ठरवणारी आयईटीएफ ही संस्था वर्षातून तीनदा प्रत्यक्ष भेटते. खोली भरून माणसं बसलेली असतात, एकमत होतं, तरीही ते लिस्टवर पक्कं व्हावं लागतं. तुमच्या सातजणांच्या गुरुवारच्या कॉलला त्याहून जास्त अधिकार कशाला हवा?

आता तुमच्या पावसाकडे येऊ. माझ्या मते तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तुम्ही ती चॅटवर एका ओळीत उधळून टाकलीत.

तुमचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण ते मांडलंत कुठे, तर जिथे काल रात्रीचं सकाळी दिसत नाही तिथे. मांडलंत कसं, तर तक्रारीच्या सुरात, विषय संपल्यावर, उदाहरणाशिवाय. वाचणाऱ्याने त्याचं करायचं काय, हेही त्यात नव्हतं. म्हणून त्याने अंगठा टाकला आणि तो पुढे गेला. मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं.

नवा इश्यू उघडा, म्हणजे लायब्ररीच्या पानावर या एकाच विषयाची स्वतंत्र नोंद. लिहिणार तुम्ही इंग्रजीत, मी इथे मराठीत सांगते:

"विषय: रोजच्या पावसासाठी दिवसाची सुरुवात पर्जन्यमापन केंद्रानुसार ठरवता यावी.

गेल्या महिन्यात मर्ज झालेल्या बदलामुळे रोजची बेरीज ००:०० यूटीसीपासून धरली जाते. भारतीय हवामान विभाग २४ तासांचा पाऊस सकाळी ०८:३० ला मोजतो, म्हणजे ०३:०० यूटीसीला. त्यामुळे भारतातल्या केंद्रांसाठी आपली बेरीज आणि सरकारी बेरीज जुळत नाही.

उदाहरण: समजा २५ जुलैला पहाटे ३ ते सकाळी ८ या वेळात ७० मिमी पाऊस पडला, त्यातला ४० मिमी साडेपाचच्या, म्हणजे ००:०० यूटीसीच्या, आत. बाकी वेळ कोरडी. विभागाच्या नोंदीत २५ जुलैसमोर ७० मिमी येतात आणि मुसळधार पावसाची नोंद होते, कारण ती श्रेणी ६४.५ मिमीपासून सुरू होते. आपल्या लायब्ररीत ४० मिमी २४ जुलैच्या खात्यात जातात आणि ३० मिमी २५ जुलैच्या. मुसळधार दिवस एकही दिसत नाही. हे दाखवणारी टेस्ट सोबतच्या ब्रँचमध्ये आहे.

हे फक्त भारताचं नाही. अमेरिकेतल्या हौशी पाऊसमापकांच्या कोकोराझ या जाळ्यातही नोंद सहसा स्थानिक वेळेनुसार सकाळी सातला घेतात.

माझा प्रस्ताव: केंद्राच्या माहितीत 'दिवसाची सुरुवात' असं एक ऐच्छिक फील्ड ठेवू. ते दिलं नाही तर आज चालतं तसंच, म्हणजे ००:०० यूटीसी. जुना कोड मोडणार नाही. टाइमझोनवरून आपोआप ओळखावं, असाही विचार केला होता. पण एकाच टाइमझोनमधल्या दोन संस्था वेगवेगळ्या वेळी मोजू शकतात, म्हणून तो सोडला.

मला हवंय ते एवढंच: असं फील्ड असावं का, हो की नाही. नाव काय ठेवायचं ते पुल रिक्वेस्टमध्ये बघू. शुक्रवार, अमुक तारीख, १३:३० यूटीसीपर्यंत हरकत आली नाही, तर मी काम सुरू करतो."

यात 'मी झोपलो होतो आणि तुम्ही ठरवून टाकलंत' हे वाक्य नाही, बघितलंत? ते खरं असलं तरी इथे नको. ते वाचलं की समोरचा पावसाचा विचार सोडून स्वतःचा बचाव करायला लागतो. झोपेचा मुद्दा वेगळ्या इश्यूत, वेगळ्या दिवशी.

दुसरं म्हणजे, हे वाचून कुणाला उलटा प्रश्न विचारावा लागत नाही. तुमच्यासारख्या टीममध्ये एका उलट्या प्रश्नाची किंमत एक दिवस असते. तुम्ही रात्री दहाला लिहिलंत, 'दिवसाची सीमा चुकतेय, कुणी बघेल का?' पश्चिम किनाऱ्यावर तेव्हा सकाळचे साडेनऊ. तो जेवणाच्या सुट्टीत विचारतो, 'कुठल्या केंद्रासाठी?' तुम्ही ते दुसऱ्या दिवशी नोकरी, जेवण, मुलीचा अभ्यास आटोपून बघता आणि उत्तर देता. तो विचारतो, 'उदाहरण आहे का?' आणखी एक दिवस. 'कुठल्या व्हर्जनवर?' मध्येच शनिवार-रविवार. जे एका बैठकीत दहा मिनिटांत झालं असतं, त्याला आठवडा लागतो आणि तोवर दोघांचाही उत्साह ओसरतो. म्हणून पाठवण्याआधी स्वतःच समोरचा होऊन वाचा: मला आणखी काय विचारावंसं वाटतंय? ते विचारायच्या आतच त्यात लिहून टाका. मेसेज लांबला तर लांबू द्या. समोर बसलेल्याला थोडक्यात सांगावं, पण उद्या वाचणाऱ्याला पूर्ण सांगावं.

या जातीचं एक नमुनेदार लेखन मला नेहमी आठवतं. मार्च २०२४ मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएचने (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायच्या पद्धतीने) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं. त्याचा माग काढत तो एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीत लपवलेल्या मागच्या दारापर्यंत (गुपचूप आत शिरायच्या वाटेपर्यंत) पोचला. आधी संबंधितांना खाजगीत कळवलं आणि मग २९ मार्चला जाहीर लिहिलं: काय दिसलं, कसं शोधलं, ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत काय आहे, आपल्याला नक्की काय माहीत नाही. ते वाचून जगभरातले लोक त्याला काही न विचारता कामाला लागू शकले. (सुरक्षेतली भोकं मात्र तुम्हीही आधी खाजगीतच कळवा. सगळं उघड्यावर लिहा या माझ्या आग्रहाला तेवढा अपवाद.)

फील्डच्या नावाचा विषय मी मुद्दाम बाजूला काढलाय. ऐच्छिक फील्ड असावं का, यावर दोघं बोलतील. त्याचं नाव काय असावं, यावर सातही जण बोलतील. १९९९ मध्ये फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लिस्टवर स्लीप नावाच्या (ठरावीक सेकंद थांबायला लावणाऱ्या) कमांडला सेकंदाचे अपूर्णांक द्यावेत का, यावर असाच गदारोळ झाला. तेव्हा पोल-हेनिंग कांप यांनी तिथेच लिहिलेलं 'सायकलच्या शेडचा रंग कुठला' हे टिपण पुढे प्रसिद्ध झालं. त्याचा मुद्दा असा: अणुभट्टीचा आराखडा कुणाला कळत नाही म्हणून तो मुकाट मंजूर होतो आणि शेडच्या रंगावर मात्र प्रत्येकाला मत असतं. तुमच्या चॅटवरचे दीडशे मेसेज एकदा या नजरेने चाळा. किती रंगाचे होते ते कळेल.

हा इश्यू मार्गी लागला, म्हणजे तुमचं वजन थोडं वाढलं, की मग नियमाचा विषय काढा. त्याआधी नको. तोही कॉलवर काढायचा नाही. कॉन्ट्रिब्यूटिंग फाइलमध्ये (कामात भाग घेणाऱ्यांसाठीच्या नियमांच्या फाइलमध्ये) बदल सुचवणारी छोटी पुल रिक्वेस्ट टाकायची. चार ओळी पुरतात: "वापरणाऱ्याला जाणवेल असा कुठलाही बदल इश्यूत मांडून किमान ७२ तास खुला ठेवावा. चॅटवर किंवा कॉलवर काही सुचलं, तर सुचवणाऱ्याने ते इश्यूत उतरवावं. तोवर ते ठरलेलं नाही. हरकत घेणाऱ्याने तांत्रिक कारण द्यावं. मुदतीत हरकत नसेल तर संमती धरावी." टायपो दुरुस्त करायला ७२ तास थांबायची गरज नाही, हेही लिहा, नाहीतर पहिली हरकत त्यावरच येईल.

यातली शेवटची ओळ तुमच्यासाठी सगळ्यात धोक्याची आहे. मौनं संमतिलक्षणम्. अपाचेतही ही पद्धत चालते आणि चालते म्हणूनच कामं पुढे सरकतात, नाहीतर प्रत्येक गोष्टीला सातजणांचे होकार गोळा करत बसावं लागेल. पण आपल्याकडे गप्प बसणं म्हणजे नापसंतीचा सभ्य प्रकार. साहेबांना पटत नाही तेव्हा आपण मान खाली घालतो आणि त्यांनी समजून घ्यावं अशी अपेक्षा करतो. जर्मनीतल्या माणसाला तुमची खाली घातलेली मान दिसत नाही. त्याच्या लेखी तुम्ही हो म्हणालात. तेव्हा पटत नसेल तर मुदतीच्या आत लिहायचं, भले एकच ओळ लिहा: "मला हे पटत नाही, कारण उद्यापर्यंत देतो, तोवर थांबा." आणि उद्या कारण द्यायचंच. अपाचेत कोडमधला बदल एकटा माणूसही रोखू शकतो, पण तांत्रिक कारण दिलं नाही तर त्याचा नकार धरत नाहीत. हा न्याय मला फार आवडतो. त्यात मोठ्या आवाजालाही किंमत नाही आणि रुसव्यालाही.

चॅटवर माझा राग नाही. चॅट म्हणजे कट्टा. कट्टा हवाच, तिथेच माणसं एकमेकांची होतात, आणि बिनपगारी कामात ते फार लागतं. फक्त कट्ट्यावरचं बोलणं गावावर बंधनकारक नसतं. सकाळी उठून ते दीडशे मेसेज वाचायचं सोडून द्या. खरंच सोडा. महत्त्वाचं असेल ते इश्यूत येईल, आणि आलं नाही तर 'हे इश्यूत दिसत नाही, कुणी उतरवेल का?' असं विचारायचा तुम्हाला आता हक्क आहे. पहिल्या काही वेळा ते उतरवायचं काम तुम्हीच करा: "काल चॅटवर असं बोलणं झालेलं दिसतंय, मी समजलो ते बरोबर आहे का?" जो टिपण लिहितो, त्याच्या शब्दांत निर्णय राहतो. ही सत्ता लोक का सोडून देतात, मला कळत नाही.

चॅटवर नुसतं 'हाय, आहेस का?' लिहून थांबायची आपली सवय मात्र सोडा. आपल्याला ते सौजन्य वाटतं. तिकडचा माणूस सहा तासांनी 'हो, बोल' म्हणतो तेव्हा तुम्ही झोपलेले असता. नमस्कार करा आणि त्याच मेसेजमध्ये काम सांगा.

वेळेबद्दलही एक. 'उद्या', 'आज संध्याकाळपर्यंत', 'पुढच्या आठवड्यात' हे शब्द टीममध्ये वापरू नका. तुमचा उद्या आणि त्यांचा आज यांत अर्धा दिवस तरी गोंधळ आहेच. तारीख वर्षापासून लिहा, २०२६-०३-०४ अशी. ०३/०४ लिहिलंत तर तुम्ही ३ एप्रिल समजाल आणि अमेरिकेतले ४ मार्च. वेळ यूटीसीत. अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं पुढे करते, युरोप शेवटच्या रविवारी. मधले दोन-तीन आठवडे सगळ्यांचे हिशेब चुकतात. आपण आणि आता ब्राझील, दोघंही घड्याळाला हात लावत नाही, तेव्हा हिशेबाची जबाबदारी तुम्ही दोघांनी घेतलीत तर टीमवर उपकार होतील.

पडून राहिलेल्या पुल रिक्वेस्टचं. आधी ती किती मोठी आहे ते बघा. एका बदलात तीन कामं असतील तर तिचे तीन तुकडे करा. थकलेला माणूस रात्री झोपण्याआधी साठ ओळी बघेल, सहाशे बघणार नाही. मग कुणाला तरी नावाने विचारा. 'कुणीतरी बघा' म्हटलं की कुणीच बघत नाही. आठवण करायला हरकत नाही, पण घाई नको. कर्नलच्या मार्गदर्शनातही पुन्हा टोकण्याआधी निदान एक आठवडा थांबा असं म्हटलंय, आणि गर्दीच्या दिवसांत त्याहून जास्त. आठवण करताना काहीतरी नवं घेऊन जा: "नव्या मेनवर रिबेस केलंय (ताज्या मूळ कोडवर बसवलंय), टेस्ट हिरव्या आहेत, तुमची नजर फक्त या एका फंक्शनवर हवी."

टोकण्याला दुसरी बाजूही आहे आणि ती विसरू नका. एक्सझेडच्या प्रकरणात मागचं दार बसण्याआधी दोनेक वर्षं काही अनोळखी खात्यांवरून 'पॅच कधी घेणार, नवा मेंटेनर (लायब्ररी सांभाळणारा) का आणत नाही' असा लकडा लावला गेला होता. लायब्ररी एकटा माणूस बिनपगारी सांभाळत होता. त्या दबावातच ज्याच्या हाती चाव्या गेल्या, त्यानेच पुढे दार बसवलं. तुम्ही तसले नाही, हे उघड आहे. पण तुमचा तिसरा स्मरण-मेसेज ज्याला जातो, त्याला दिवसाला असे किती येत असतील ते तुम्हाला दिसत नाही. त्याच्याकडून उत्तर येत नसेल, तर तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी दोन पुल रिक्वेस्ट तपासून द्या. उधारी आपोआप फिटते असं नाही, पण रांग तरी कमी होते.

गुरुवारचा कॉल बंद करा असं मी म्हणणार नाही. तो महिन्यातून एकदा ठेवा आणि वेळ फिरती ठेवा: एकदा तुमच्या रात्री, एकदा त्यांच्या. अमेरिकेतल्या तिघांना एकदा पहाटे साडेपाचला उठू द्या. ७२ तासांच्या नियमाला त्यांचा पाठिंबा वाढेल असा माझा अंदाज आहे. कॉलवर ठरवायचं काही नाही. ओळखी ताज्या करायच्या, गुंता झाला असेल तर सोडवायचा, आणि कुणीतरी टिपण लिहायचं. गुंत्यासाठी कॉलच बरा, हेही सांगून ठेवते. इश्यूत दोनदा उलटसुलट उत्तरं झाली आणि सूर चढायला लागला, की तिसरं उत्तर लिहू नका. 'पंधरा मिनिटं बोलू या का?' असं विचारा. लेखी शब्दाला चेहरा नसतो, आणि आपण रात्री वाचलेलं साधं वाक्यही खोचक वाटून घेतो.

इंग्रजीची काळजी तुम्ही फुकट करताय. बोलण्याच्या शर्यतीत तुम्ही मागे पडता, लिहिण्यात नाही. आणि निर्णय लिहिण्याकडे आले तर तुमची ही अडचण निम्मी आपोआप गेली. जर्मनीतल्या आणि ब्राझीलमधल्या सोबत्यांचीही इंग्रजी मातृभाषा नसेल, तेव्हा छोटी वाक्यं त्यांनाही सोयीचीच. एक करा: आपल्या ऑफिसातली ती लवून मुजरा करणारी इंग्रजी तिथे नको. 'सर' नको, 'कृपया विनंती' नको, आणि नकार द्यायच्या आधी तीन परिच्छेद आभार नकोत. माझ्या मते, कारण अमुक, पर्याय तमुक. बस्स.

आणि हे सगळं करूनही त्यांनी रात्री चॅटवरच ठरवणं सुरू ठेवलं तर? एक-दोनदा निसटेल, तेवढं धरू नका. सवयी लगेच मोडत नाहीत. पण तुमचा पावसाचा इश्यू मुदत उलटूनही अनुत्तरित राहिला, नियमाच्या पुल रिक्वेस्टवर 'आमचं असंच चालतं' असं उत्तर आलं, तर मात्र बायकोचं ऐका. लायब्ररीचा परवाना खुला असणारच, तुमच्या कामापुरती सुधारणा स्वतःच्या प्रतीत ठेवा आणि मोकळे व्हा. बिनपगारी कामात किमान मान तरी हवा.

नोटिफिकेशन आज रात्रीपासून बंद. कामचुकार कुणी म्हणणार नाही, फक्त प्रोफाइलमध्ये तुमच्या वेळा लिहून ठेवा: कुठले दिवस, यूटीसीत किती ते किती, आणि एखादं उत्तर साधारण किती तासांत येईल. माणसं उशिरावर रागावत नाहीत, कधी येईल ते माहीत नसण्यावर रागावतात.

इश्यू मंगळवारी संध्याकाळी सात वाजता टाका. जर्मनीत तेव्हा दुपारचे साडेतीन (हिवाळ्यात अडीच) असतील, ब्राझीलमध्ये सकाळचे साडेदहा, आणि पश्चिम किनाऱ्यावरची मंडळी उठली की त्यांना तो सगळ्यात वर दिसेल. ७२ तास शुक्रवारी संध्याकाळी सातला संपतात, म्हणजे कुणाचाही शनिवार-रविवार त्यात जात नाही. गुरुवारच्या कॉलवर कुणी विषय काढलाच, तर 'इश्यूत लिहिलंय, तिथेच उत्तर द्या' एवढं एक वाक्य इंग्रजीत तयार ठेवा.